फ्लोअरचा पत्रा

मोटारीच्या फ्लोअरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. जुन्या गाड्यांत कुठे त्याहून किंचित कमी, कुठे किंचित जास्त. जीप किंवा ट्रकसारख्या स्वतंत्र चासीच्या वाहनात हा पत्रा नुसता तळ म्हणून बसवलेला असतो. पण दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या मोटारींनी चासी हळूहळू सोडली आणि बॉडी हाच गाडीचा सांगाडा झाला. इटलीत १९५३ साली आलेली फियाट ११०० ही अशाच बांधणीची गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात तिचे पुढचे अवतार तयार केले, आणि सत्तरच्या दशकात त्यांतल्या एकाला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की हीच गाडी आठवते. २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली, तरी हौसेने सांभाळलेल्या खासगी पद्मिनी अजून आहेत. त्यांचे इंजिन उघडणारा जुना मिस्त्री शोधला तर सापडतो. खरी चिंता फ्लोअरची असते. चासी नसलेल्या गाडीत फ्लोअर, दाराखालची पोकळ पेटी आणि मधला बोगदा हे तिन्ही मिळून गाडीला वाकू देत नाहीत. फ्लोअर सडला तर खड्ड्यातून जाताना दारे कुरकुरू लागतात आणि बंद करताना ती उचलून धरावी लागतात.

फ्लोअर खालून सडतो असे सर्वांना वाटते. रस्त्यावरचे पाणी आणि चिखल खालून उडतो हे खरे, पण खालच्या बाजूला डांबरी लेप असतो, वारा लागतो, पाणी वाळते. जुन्या गाड्यांचा घात बहुधा वरून होतो. पुढच्या काचेचे रबर वर्षानुवर्षे उन्हात तडकते, त्यातून पाणी डॅशबोर्डमागून उतरते आणि मॅटखालच्या ज्यूटच्या किंवा नमद्याच्या थरात मुरते. हा थर पाणी सोडत नाही. कोकणात आणि मुंबईत चार महिने हवाच इतकी दमट असते की एकदा भिजलेला नमदा दिवाळीपर्यंत ओला राहतो. समुद्राकाठच्या हवेतले मीठ त्यात भर घालते. गंज ही विजेच्या घटासारखी चालणारी क्रिया आहे: पत्र्याच्या एका जागी लोखंड विरघळते, दुसऱ्या जागी हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळून ती क्रिया पूर्ण करतो, आणि या दोन जागांमधले पाणी खारट असेल तर वीज त्यातून सहज वाहते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या ठिकाणी हा फुगवटा पत्र्यांना आतून फाकवतो, फटीत आणखी पाणी शिरते आणि सडण्याचा वेग वाढतो. म्हणून फ्लोअर सर्वांत आधी कडेला, म्हणजे दाराखालच्या पेटीला जिथे तो मिळतो तिथे जातो.

फ्लोअरच्या दुरुस्तीचे काम शिकणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा वेल्डिंगची गन नव्हे, टोच्या आणि हलकी हातोडी द्यावी. सीट, मॅट, नमदा, ध्वनी दाबण्यासाठी चिकटवलेले डांबरी तक्ते, सगळे काढून फ्लोअर उघडा करायचा आणि हातोडीने बोटाबोटावर ठोकत जायचे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि हातोडी उसळवतो. सडलेल्या जागी आवाज बसका होतो, हातोडी उसळत नाही, रंगाचा पापुद्रा सुटून त्याखाली तपकिरी भुगा दिसतो. या दोन आवाजांच्या मध्ये एक तिसरा आवाज असतो आणि तोच ओळखायला वेळ लागतो: वरून रंग शाबूत, हाताला पत्रा घट्ट, पण ठोका किंचित दबलेला. तिथे टोच्या टेकवून अंगठ्याने जोर दिला की तो आत जातो. खडूने आधी भोकाभोवती रेघ काढावी, मग टोच्या जिथपर्यंत गेला तिथपर्यंत दुसरी. दुसरी रेघ पहिलीच्या दुप्पट घेराची निघणे अगदी नेहमीचे आहे.

पुढचे सगळे काम या रेघेवर अवलंबून असते आणि इथेच हात आखडता घेतला जातो. कापून काढलेला पत्रा परत मिळणार नाही, भोक लहान ठेवले तर काम कमी, असे मनात येते. पण गंजाने अर्ध्याहून अधिक खाल्लेला पत्रा वेल्डिंगच्या आर्कसमोर टिकत नाही. एक मिलिमीटरच्या जागी पाव मिलिमीटर उरलेला पत्रा क्षणात वितळून गळतो, कड मागे सरते, भरायला जावे तर आणखी मागे सरते. वेल्डिंग जमत नाही म्हणून रडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वेल्डिंग चांगले येत असते. त्यांनी कापलेलेच कमी असते. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा चहूबाजूंनी लागेपर्यंत कापणे हाच एक मार्ग आहे. भोकावर नवा पत्रा झाकून चार रिबिटा मारायच्या आणि वरून डांबर ओतायचे, असली दुरुस्ती गाडी विकायला काढणाऱ्याच्या सोयीची असते. तिच्याखाली पाणी साठते आणि पुढच्या वेळी कापायचा भाग मोठा होतो. रिबिटांची ही पद्धत माफ करण्याजोगी नाही, कारण वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही आणि सीटचा बोल्ट त्याच पत्र्याच्या भरवशावर असतो.

मोठा भाग कापायचा असेल तर गाडी कशावर उभी आहे हे आधी पाहावे. ती जॅकवर एका कोपऱ्यात उचललेली असताना फ्लोअर कापला तर बॉडी किंचित पिळते, आणि नवा पत्रा जोडला की तो पीळ कायमचा गाडीत राहतो. गाडी समतल जागी चारही बाजूंनी सारखा आधार देऊन ठेवावी, दारे लावून त्यांच्या फटी मोजाव्यात आणि कापल्यावर पुन्हा मोजाव्यात. दाराखालची पेटीही बदलायची असल्यास दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी तात्पुरती जोडून ती चौकट बांधून घेतात. एका वेळी एकच बाजू उघडावी.

आगीची तयारी कंटाळवाणी वाटते म्हणून टाळली जाते. पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे, त्यामुळे पेट्रोलची नळी फ्लोअरखालून जाते. मागच्या ब्रेकची नळीही. दोन्ही सोडवून बाजूला कराव्यात, आणि टाकीच्या जवळ काम असेल तर टाकीच उतरवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. बॅटरीची वायर काढायची. डांबरी तक्त्यांचे राहिलेले तुकडे खरवडून टाकायचे, कारण वेल्डिंग एका बाजूला चालते आणि धूर पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला निघतो. पत्रा पुसण्यासाठी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही वापरू नये; त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणि जस्त भरलेला प्राइमर यांचा पांढरा धूर फुप्फुसांत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. म्हणून पॅच साध्या सीआर (कोल्ड रोल्ड, मुलामा नसलेल्या) पत्र्याचा घ्यावा. अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांवर पुरेशा गडद काचेचे हेल्मेट. नुसते कडेला उभे राहून आर्क पाहणाऱ्याचेही डोळे रात्री चुरचुरतात आणि पाणी वाहत राहते, तेव्हा मदतनिसालाही काच हवी. काम संपल्यावर निदान तासभर गाडी सोडून जाऊ नये. धुमसणारी आग लगेच दिसत नाही.

पातळ पत्रा जोडण्याच्या पद्धती अनेक आहेत. आपल्याकडच्या डेंटरांच्या जुन्या पिढीने सगळी उमर गॅस वेल्डिंगवर काढली. ॲसिटिलीन आणि ऑक्सिजनची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते. उस्ताद डेंटर तिने पातळ पत्रा इतका सुबक जोडतो की हातोडीने ठोकून जोड नाहीसा करता येतो. पण ज्योतीची उष्णता दूरवर पसरते, पत्रा लाटांसारखा वाकतो आणि तो सरळ करण्याची विद्या वेल्डिंगपेक्षा अवघड आहे. रॉडचे साधे वेल्डिंग गेट-खिडक्यांसाठी ठीक. एक मिलिमीटरच्या पत्र्याला ते बहुधा भोकेच पाडते. नवशिक्याला जमेल अशी पद्धत म्हणजे गॅरेजात जिला सीओटू म्हणतात ती. गनमधून बारीक तार सतत पुढे येते, तारेच्या टोकापासून पत्र्यापर्यंत आर्क पेटतो, आणि नोझलमधून येणारा कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचे आरगॉनबरोबरचे मिश्रण वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण ठिणग्या जास्त उडवतो. पातळ पत्र्याला मिश्रण अधिक सौम्य. तार ०.६ मिलिमीटरची मिळाली तर उत्तम, ०.८ ची चालते. या यंत्रांत करंट मुख्यतः तारेच्या वेगाने ठरतो, आणि एक मिलिमीटरच्या पत्र्याला ४० ते ५० अँपिअर पुरतात.

सराव गाडीवर करू नये. फ्लोअरमधून कापून काढलेल्या तुकड्यांत एखादा चांगला भाग निघतोच. तो आणि त्याच जाडीचा नवा पत्रा घेऊन टेबलावर बसावे. अर्थचा चिमटा उजळ केलेल्या लोखंडाला लावावा, गंजावर किंवा रंगावर नव्हे. तार मध्येच अडखळू लागली तर निम्म्या वेळा दोष त्या चिमट्याचा असतो. मग गन पत्र्यापासून सात-आठ मिलिमीटरवर धरून ट्रिगर दाबायचा. आवाज ऐकत राहायचे. तार वेगाने येत असेल तर ती पत्र्यावर ढुशा देते आणि गन मागे ढकलली जाते. मंद असेल तर टोकाला गोळा साचून आर्क तुटक होतो. वेग जुळला की कढईत भजी पडावीत तसा एकसारखा चरचराट येतो. या पद्धतीत तार सेकंदाला कितीतरी वेळा पत्र्याला टेकते, वितळून तुटते आणि पुन्हा पेटते. तो चरचराट या टेकण्या-तुटण्याचाच असतो. कान एकदा तयार झाला की आकडे पाहावे लागत नाहीत.

काचेतून पाहताना नजर आर्कच्या झगमगाटावर जाते; ती त्याच्या मागे, वितळलेल्या थेंबावर न्यायची. ट्रिगर दाबताच तारेच्या टोकाखाली राईएवढा चकचकीत थेंब तयार होतो आणि वर उचललेला राहतो. क्षणार्धात तो पसरतो, त्याच्या कडा दोन्ही बाजूंच्या पत्र्यांत मिसळतात आणि पृष्ठभाग सपाट होतो. लगेच मधोमध किंचित खळगा पडू लागतो. खळगा दिसणे म्हणजे खालचा पत्रा पूर्ण वितळला आहे, आणि आणखी थोडा वेळ गेला तर थेंब गळून भोक पडेल. ट्रिगर सोडायचा तो सपाट होणे आणि खळगा पडणे यांच्या मध्ये. हा अवधी एका सेकंदाहून कमी असतो. पुस्तक वाचून तो कळत नाही, तुकड्यावर तुकडा खराब करूनच बोटाला कळतो. प्रत्येक ठिपक्यानंतर तुकडा उलटून पाहावा. मागे काहीच खूण नसेल तर धातू वर नुसता चिकटला आहे. बारीक उंचवटा दिसला तर जोड आरपार गेला आहे. शेवटची परीक्षा म्हणजे तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोडीने दुमडणे. जोडाच्या रेघेवर फाटला तर पुन्हा सराव. जोडाच्या शेजारचा पत्रा फाटला तर गाडीकडे जायला हरकत नाही.

सराव करताना एक समजूत मोडावी लागते. वेल्डिंग म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेली सलग रेघ, हे चित्र जाड लोखंडावरून आलेले आहे. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढली तर पत्र्याचे काय होते याचा हिशेब सोपा आहे. पोलादाचा एक मीटर एका अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतो. ३० सेंटिमीटरची कड ६०० अंशांनी तापली तर तिला दोन मिलिमीटरहून अधिक लांब व्हायचे असते. भोवतीचा थंड पत्रा तिला वाढू देत नाही, म्हणून मऊ झालेला तापलेला भाग जागच्या जागी दाबला जाऊन जाड होतो. थंड होताना तो आक्रसतो आणि मूळ लांबीपेक्षाही आखूड होऊ पाहतो, आणि मधला पत्रा फुगतो किंवा खचतो. अंगठ्याने दाबला की तो टक्कन आत जातो आणि सोडला की टक्कन बाहेर येतो. असा सैल झालेला फ्लोअर गाडी चालताना ढोलासारखा घुमतो. उपाय एकच: उष्णता एका जागी साचू द्यायची नाही. ठिपका, मग दूर जाऊन दुसरा ठिपका, मग थांबणे.

पॅच बनवताना आधी पुठ्ठ्याचा आराखडा कापतात. भोकावर पुठ्ठा दाबून खालून कडेने पेन्सिल फिरवली की आकार उमटतो. पॅचचे कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो, तडा तिथूनच जातो आणि वेल्डिंगची उष्णताही तिथेच साचते. कारखान्यातून आलेल्या फ्लोअरमध्ये उभ्या-आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या दाबलेल्या असतात. त्या शोभेच्या नाहीत. सपाट पत्रा सहज वाकतो, पट्टी दाबलेला तसा वाकत नाही. पॅच मोठा असेल तर या पट्ट्या त्यातही हव्यात. दोन लोखंडी सळया समांतर ठेवून त्यांवर पत्रा टेकवायचा आणि मधल्या जागेत बोथट छन्नीने थोडे थोडे ठोकत जायचे. एकाच ठोक्यात खोल गेले तर पत्रा फाटतो. तीन-चार फेऱ्यांत पट्टी उतरते, मग पत्रा सरळ करून भोकात बसवून पाहायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा.

कडेला कड भिडवायची की पॅच थोडा मोठा ठेवून वर चढवायचा, यावर डेंटरांत दोन मते आहेत. चढवलेला जोड सोपा असतो, भोक पडण्याची भीती कमी, पण दोन पत्र्यांमध्ये फट राहते आणि फटीत पाणी. कडेला कड लावलेल्या जोडात फट राहत नाही. मात्र दोन्ही कडा तारेच्या जाडीएवढ्या अंतरावर एकसारख्या हव्यात. जिथे हात पोहोचतो आणि दोन्ही बाजूंनी रंग लावता येतो, तिथे कडेला कडच योग्य. दाराखालच्या पेटीला फ्लोअर मिळतो तिथे मात्र कारखान्यानेच पत्र्यावर पत्रा ठेवून स्पॉट मारलेले असतात. तिथे वरच्या पत्र्यात सहा ते आठ मिलिमीटरची भोके पाडून ती खालच्या पत्र्यासकट वेल्डिंगने भरतात. जुन्या स्पॉटच्या जागा आणि संख्या तशीच ठेवावी.

बसवताना पॅचभोवतीचा रंग, प्राइमर आणि डांबर दोन्ही बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत काढून पत्रा उजळ करावा. पॅच चुंबकांनी किंवा चिमट्यांनी धरून समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक टॅक, म्हणजे पत्रा जागी धरणारा छोटा ठिपका, मारायचा, मग बाजूंच्या मध्यावर, मग त्यांच्या मध्ये. प्रत्येक टॅकनंतर पातळी पाहावी आणि गरज असेल तर गरम असतानाच कड हलक्या हातोडीने दाबावी. दोन-अडीच सेंटिमीटरवर एकेक टॅक बसला की पॅच स्वतःच्या आधाराने उभा राहतो. मग मधली जागा ठिपक्याला ठिपका लावून भरायची, तीही समोरासमोर फिरत. तळहात टेकवता येईल इतका पत्रा थंड झाल्याशिवाय त्या भागात परत जाऊ नये. हाताच्या रुंदीचा पॅच भरायला सकाळ जाते आणि त्यातला बराच वेळ थांबण्यातच जातो. फट एखाद्या ठिकाणी मोठी राहिली असेल तर मागून तांब्याचा जाड तुकडा दाबून धरावा. तांबे उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि पोलादाचा थेंब त्याला चिकटत नाही.

गाडीखाली निजून वरच्या दिशेने वेल्डिंग करणे शक्यतो टाळावे. थेंब खाली पडतो, तो बाहीत किंवा कानात जातो, आणि नजर जोडावर राहत नाही. फ्लोअरचे बहुतेक जोड गाडीच्या आतून, वरून करता येतात. पॅच आतून बसवता येईल असाच आखला पाहिजे.

जोड भरल्यावर ग्राइंडर हातात येतो आणि उत्साहाच्या भरात केलेले काम घासून जाते. जाड चकतीने जोड सपाट करायला जावे तर शेजारचा पत्राही घासतो, तापून निळा पडतो आणि पातळ होतो. एमरीच्या पाकळ्यांची चकती घ्यावी, फक्त उंचवट्यावर टेकवावी आणि थोडा उंचवटा राहिला तर राहू द्यावा. फ्लोअरवर मॅट येणार आहे. गाडीत अंधार करून खालून दिवा धरला की राहिलेली बारीक छिद्रे दिसतात. ती एकेका ठिपक्याने बंद करायची.

आता खालच्या बाजूची काळजी घ्यायची, कारण दुरुस्ती पुन्हा सडते ती तिथूनच. वर वेल्डिंग झाले तेव्हा खालचा रंग आणि डांबर जळलेले असते, आणि उघडे पोलाद मुंबईच्या हवेत एका रात्रीत तांबूस होते. म्हणून त्याच दिवशी दोन्ही बाजूंना वायर ब्रश मारून एपॉक्सी प्राइमर लावावा, तो वाळल्यावर जोडावर सीलंट आणि खाली पुन्हा लेप. दाराखालच्या पेटीच्या आत ब्रश जात नाही. तिथे लांब नळीने पातळ मेण फवारतात. पेटीच्या तळाशी कारखान्याने पाणी निघायला भोके ठेवलेली असतात. ती लेपाने किंवा मेणाने बुजली तर आतले पाणी आतच राहते, म्हणून प्रत्येकातून तार घालून ती मोकळी करावीत. फ्लोअरची रबरी बुचे नवी बसवावीत. मग नळाचे पाणी पुढच्या काचेवर आणि दारांवर दहा-पंधरा मिनिटे सोडून फ्लोअर कोरडा राहतो का हे पाहावे. पाणी आले तर आधी काचेचे रबर बदलायचे, नंतरच सीट बसवायची. जुना नमदा परत घालू नये. आणि पहिला पावसाळा उलटला की मॅट उचलून जोडाची सगळी रेघ पाहावी. कुठे तांबूस डाग दिसलाच तर तेवढे सीलंट खरवडून, पत्रा उजळ करून, प्राइमरपासून पुन्हा लावावे.